जुना मिनी ट्रॅक्टर घेताना: आधी जुपून बघा

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणीची नाहीतर लाल कंधारीची जोडी घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, खांद्यावर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. एवढं करूनही मन भरलं नाही तर म्हणतो, "जुपून दाखवा." औताला जुपल्याशिवाय बैल कळत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तोच माणूस जुना ट्रॅक्टर घ्यायला गेला की सेल्फ मारून बघतो, आवारात एक चक्कर मारतो आणि इसार देऊन येतो.

मीही तसंच केलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्यानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या बालाघाटच्या पट्ट्यात कडब्याची पेंढी मिळेना, तेव्हा घरची जोडी विकावी लागली. पुढच्या उन्हाळ्यात बैलांच्या जागी एक जुना मिनी ट्रॅक्टर आणला. सकाळी गार असताना त्याची लिफ्ट, म्हणजे मागचं औत वर घेणारी यंत्रणा, झटकन उचलायची. मी तेवढंच बघून सौदा केला. शेतात रोटाव्हेटर लावून पाऊण तास चालवला, तेल तापलं आणि लिफ्ट वर येईना. हायड्रोलिकचा पंप झिजलेला होता. गार, घट्ट तेलावर तो निभावून न्यायचा, तेल तापून पातळ झालं की दम सोडायचा. ऐन वापशावर अकरा दिवस ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला आणि आमची पेरणी मागं पडली. त्यानंतर गावात कुणी जुना ट्रॅक्टर बघायला निघालं की मी सोबत जातो. पाच-सहा एकरांपर्यंतचं रान असणाऱ्यांनी काय बघावं आणि कोणत्या क्रमानं बघावं, ते इथं लिहितो.

आधी कामाचं ठरवा

मिनी ट्रॅक्टरकडून खोल नांगरणीची अपेक्षा धरू नका. उन्हाळ्यात तापून दगड झालेल्या काळ्या भारी जमिनीत पलटी नांगर ओढायला ४५-५० अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टर लागतो. पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर तिथं जोडला की चाकं जागेवर फिरतात, क्लच जळतो आणि इंजिनाचं आयुष्य झटक्यात कमी होतं. बाजारातले कितीतरी मिनी ट्रॅक्टर याच कारणानं विकायला आलेले असतात. वर्षातून एकदाची नांगरणी भाड्यानं करून घ्या. सोयाबीनला चार ओळींचं बीबीएफ (रुंद वरंब्यावर पेरणारं) यंत्र वापरत असाल तर तेही मोठ्या ट्रॅक्टरवरच.

मिनी ट्रॅक्टरचं खरं काम नंतर सुरू होतं. रोटाव्हेटर, वखराची पाळी, मोगडणी, कपाशीत आणि तुरीत कोळपणी, हळदीला माती लावणं, मोसंबी-आंब्याच्या बागेत फवारणी, शेणखताची आणि मालाची ने-आण. ही कामं वेळेवर झाली पाहिजेत, आणि भाड्याचा ट्रॅक्टर नेमका तेव्हाच मिळत नाही. घरच्या ट्रॅक्टरचा उपयोग आहे तो इथं.

म्हणून ट्रॅक्टर बघायला निघण्याआधी टेप घेऊन रानात जा. कपाशीच्या दोन ओळींत किती फूट अंतर आहे? उसाची सरी चार फुटी की पाच फुटी? बागेत झाडांच्या फांद्या खाली किती उंचीवर आहेत? बांधावरच्या फाटकाची रुंदी किती? हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. ट्रॅक्टरची रुंदी मोजताना मागच्या एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायची, आणि पिकातून जाताना दोन्ही बाजूंना निदान वीतभर जागा उरली पाहिजे. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांची मागची चाकं उलटसुलट बसवून रुंदी थोडी कमी-जास्त करता येते. विकणाऱ्याला ते विचारा, आणि बोल्ट गंजून जाम झालेले नाहीत ना, तेही बघा. सोयाबीनच्या दीड फुटी ओळींतून कुठलाच ट्रॅक्टर जात नाही. तिथं ट्रॅक्टरनं कोळपायचं असेल तर पेरतानाच चाकांसाठी ओळी सोडाव्या लागतात.

जमिनीप्रमाणे निवड बदलते. आष्टी-पाटोद्याकडच्या हलक्या मुरमाड रानात १५ अश्वशक्तीचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर बऱ्यापैकी काम काढतो. परभणी, नांदेड, लातूरच्या भारी रानात मी चारही चाकांना जोर असलेला, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचा, २० ते २७ अश्वशक्तीचा घ्या असं सांगेन. काळ्या मातीत फक्त मागच्या दोन चाकांना जोर असलेला मिनी ट्रॅक्टर थोडी ओल असली तरी रुततो, आणि वजन कमी असल्यानं त्याची पकडही कमी पडते. बागेत ब्लोअरनं फवारायचं असेल तरी हाच पल्ला धरा, कारण ब्लोअरला पीटीओचा, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचा, दम लागतो आणि इंजिनाची सगळी अश्वशक्ती पीटीओपर्यंत पोचत नाही. रोटाव्हेटरचा माझा अंदाज असा: १५ अश्वशक्तीला तीन फुटी, २४ ला साडेतीन ते चार फुटी. सौद्यात सोबत मोठा रोटाव्हेटर येत असेल तर तो फुकटात मिळाला असं समजू नका. त्यानंच इंजिन दमवलेलं असू शकतं.

कोणतं मॉडेल, आणि त्याचा मिस्त्री कुठं आहे

आपल्याकडच्या जुन्या बाजारात फिरताना महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन १५ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे ट्रॅक्टर वारंवार दिसतात. साधं इंजिन, डिझेलला हलके, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता जास्त. यांचा हादरा मात्र बराच असतो, त्यामुळं बोल्ट ढिले होतात आणि मडगार्डला, सायलेन्सरच्या पट्टीला चिरा जातात. त्याच्या वर महिंद्रा जिवो २४५ (२४ अश्वशक्ती, दोन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह) आणि कुबोटाचे बी २४४१ व बी २७४१ (२४ आणि २७ अश्वशक्ती, तीन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह) येतात. बागायतदार या गटाला पसंती देतात आणि माझंही मत तेच आहे, पण त्यांचे जुने भावही चढे असतात. व्हीएसटीचा एमटी १८० डी आणि गुजरातचा कॅप्टन हेही दिसतात. फोर्स मोटर्सनं २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला, म्हणून बलवान किंवा ऑर्चर्ड घ्यायचा झाला तर गिअरचे आणि हायड्रोलिकचे भाग कुठून आणणार हे आधी ठरवा, मगच भाव बोला.

कंपनीपेक्षा मी मिस्त्रीला जास्त महत्त्व देतो. तुमच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत त्या मॉडेलचं इंजिन खोलून बसवलेला मिस्त्री आहे का? तालुक्याच्या दुकानात त्याची क्लच प्लेट, फिल्टर, पीटीओचं ऑइल सील मिळतं का? दुकानात जाऊन प्रत्यक्ष विचारा. "मागवून देतो" असं उत्तर आलं तर पेरणीच्या दिवसांत आठवडा गेला असं धरा. एक जमेची बाजू अशी की १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला ट्रेम ४ हा धुराचा कडक नियम ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना आहे. लहान ट्रॅक्टरांचे डिझेल पंप त्यामुळं साध्या बनावटीचेच राहिले आणि गावचा मिस्त्री ते हाताळू शकतो.

कुणाकडून घ्यायचा

सगळ्यात चांगला तो घरच्याच रानात चाललेला ट्रॅक्टर, मालक ओळखीचा, विकण्याचं कारण समजण्यासारखं: मोठा ट्रॅक्टर घेतला, जमीन वाटून गेली, पोरं शहरात गेली. दलालाच्या आवारात रांगेनं उभे असलेले ट्रॅक्टर रंगवून आलेले असतात, आणि ताजा रंग गळती, वेल्डिंग, तडे सगळं झाकतो. मी मळलेला ट्रॅक्टर रंगवलेल्यापेक्षा बरा समजतो, कारण तेल कुठून गळतंय ते मळावरूनच कळतं. फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर स्वस्तात मिळतात, पण तिथं सहसा चालवून बघू देत नाहीत. जुपता येत नाही तो ट्रॅक्टर मी घेत नाही.

मराठवाड्यात आणखी तीन गोष्टी जपा.

पहिली, बचत गटांचे ट्रॅक्टर. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर मिळाले. ते गटाच्या नावावर असतात आणि विकू नयेत, गहाण ठेवू नयेत अशी अट असते. असा ट्रॅक्टर कुणी नोटरीवर विकत असेल तर तो कधीच तुमच्या नावावर होणार नाही, आणि ज्या भावा-बहिणींसाठी तो आला त्यांचंही नुकसान होईल. स्पष्ट नाही म्हणा. कृषी खात्याच्या अनुदानावर घेतलेल्या ट्रॅक्टरलाही ठरावीक मुदतीच्या आत विक्रीची मोकळीक नसते, तेव्हा अनुदान घेतलं होतं का हे विचाराच.

दुसरी, सीमेपलीकडचे ट्रॅक्टर. उदगीर, देगलूर, बिलोलीकडं बीदर-भालकीचे केए-३८, केए-३९ आणि तेलंगणाच्या पासिंगचे ट्रॅक्टर स्वस्तात येतात. दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर इथं नोंदवायला तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागतंच. ते हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी, वाळू. गोदाकाठच्या गावांत ट्रॅक्टर चोरट्या वाळूवर चालतात, महसूल खातं ते पकडतं आणि दंड लावतं. ट्रॉलीचा तळ खरवडला गेलाय, फाळका वाकलाय, पण औतं जोडायची पिन कोरी आहे, असं दिसलं तर ट्रॅक्टर शेतात कमी आणि ओझ्यावर जास्त चाललाय. तहसीलला दंड थकलाय का, ते विचारून घ्या.

कागद इंजिनाच्या आधी

कागद चुकले तर इंजिन बघण्यात वेळ कशाला घालवायचा? आरसी मागा आणि त्यावरचा नंबर एम-परिवहन अॅपवर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा जुळतो का ते बघा. त्याच नंबरवर थकलेले चलनही दिसतात. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर प्रत्यक्ष वाचा. चिंधीला डिझेल लावून जागा पुसा. नंबरावर घासल्याची खूण किंवा वरखाली ठोकलेले आकडे दिसले तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे, आणि त्याची नोंद आरटीओत हवी.

आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ पाहिजे. "हप्ते फिटलेत, कागद नंतर आणून देतो" या बोलण्यावर पैसे देऊ नयेत, माणूस कितीही सज्जन असला तरी. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ट्रॅक्टर चौदाव्या वर्षात असेल तर तो खर्चही तुमच्याच माथी येणार. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचेही कागद मागा. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर होऊ द्या. सगळ्या भावांच्या सह्या घेतल्या म्हणून आरटीओ ऐकत नाही.

गार इंजिन

आदल्या दिवशी फोन करून सांगा, "उद्या सकाळी येतो, मी येईपर्यंत चालू करू नका." गेल्यावर पहिलं काम म्हणजे सायलेन्सरजवळ आणि रेडिएटरवर हात लावून बघणं. कोमट लागला तर त्यांनी आधीच चालू करून ठेवलाय आणि सकाळच्या पहिल्या सेल्फची परीक्षा बुडाली. ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर सपाटीवर आणायला सांगा. सेल्फ किंवा बॅटरी गेलेला ट्रॅक्टर उतारावर उभा करायची रीत सगळ्यांना माहीत आहे.

चालू करण्याआधी इंजिन ऑइलची काडी काढा. तेल काळं असणं साहजिक आहे, पण दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय: हेड गॅस्केट फाटलंय नाहीतर हेडला तडा आहे. तेल अगदी नवं, सोनेरी असेल तर का बदललं ते विचारा. काही वेळा आवाज दाबायला घट्ट तेल भरलेलं असतं. मग गार रेडिएटरचं झाकण उघडा. (गरम असताना कधीही उघडू नका, वाफेनं तोंड भाजतं.) पाण्यावर तेलाची तवंग आहे का, आणि आत पांढरा थर साचलाय का? आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं असतं, तेच वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतलं तर घागरीसारखा थर बसतो आणि मे महिन्यात इंजिन तापायला लागतं. पुढच्या जाळीत सोयाबीनचा भुसा अडकलाय का, हेही बघा.

एअर क्लीनरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तेलाची वाटी असलेला असेल तर वाटी काढा. खाली चिखल साचलेला असेल तर या मालकानं इंजिनाची काळजी घेतलेली नाही, बाकी कितीही चमकत असो. वाटीपासून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी वाकवून बघा. तिच्यावर बारीक चीर असेल तर रोटाव्हेटरची सगळी धूळ गाळल्याशिवाय इंजिनात जाते आणि पिस्टन रिंगा, लायनर खाते. या नळीच्या चाळीस-पन्नास रुपयांच्या क्लिपेकडं दुर्लक्ष झालं म्हणून सगळं इंजिन खोलायची पाळी आलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत.

आता सेल्फ मारा. चांगलं इंजिन एक-दोन सेल्फमध्ये घेतं. सुरुवातीचा थोडा धूर जाऊ द्या, मग रंग बघा. निळसर धूर सुटतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा असेल तर डिझेल नीट जळत नाही, नोझल किंवा कॉम्प्रेशन कमी. गरम झाल्यावरही वाफेसारखा पांढरा निघत असेल तर पाण्याचा संशय धरा. वेग वाढवताना काळा भपकारा येऊन लगेच स्वच्छ होणं चालतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या जागेचं झाकण हळूच सैल करा. तिथून किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फक-फक करत धूर येत असेल तर "ब्रीदर मारतोय", रिंगा गेल्या. ते हाफ किंवा फुल इंजिनाचं, म्हणजे अर्धं किंवा सगळं इंजिन खोलायचं, काम आहे आणि त्याचा खर्च सौद्यातून वजा झालाच पाहिजे. डिझेल पंपावर कंपनीचं सील तुटलंय का तेही बघा. तुटलेलं असेल तर कुणीतरी डिझेल वाढवून इंजिन ओढून घेतलंय.

तासांच्या मीटरवर विसंबू नका, अनेकांचे बंदच असतात. त्याऐवजी क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय, लोअर लिंकचे (औत जोडायच्या खालच्या दांड्यांचे) गोळे किती सैल झालेत, औत जोडायच्या पट्टीची भोकं लांबट झालीत का आणि पीटीओ शाफ्टचे दाते धारदार झालेत का, हे बघा. मीटर ९०० तास दाखवतोय आणि पेडल गुळगुळीत झालंय, तर खोटं कोण बोलतंय ते उघड आहे.

चाकं, स्टिअरिंग, पुढचा अॅक्सल

पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि डावं-उजवं हलवा. खडखड आली तर बेरिंग, किंग पिन, बुश गेलेत. स्टिअरिंगला चार बोटांपेक्षा जास्त प्ले नको. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या हबवर तेलाचा ओघळ आणि मळ साचलाय का हे नीट बघा, कारण पुढचा अॅक्सल खोलणं महागात जातं. त्याचे टायर कंपनीच्याच मापाचे हवेत. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं ओढतील असं गणित त्यात बसवलेलं असतं. कुणी मिळेल त्या मापाचे टायर चढवले की आतल्या गिअरवर सतत ताण येतो. मालक डांबरी रस्त्यावरही फोर व्हील टाकूनच चालवायचा का, ते सहज बोलता बोलता विचारा.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोट्या (टायरवरचे उंचवटे) उंच दिसल्या तरी त्यांच्या मध्ये चिरा असतील तर उन्हानं रबर मेलंय. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर ओळखायला मिस्त्रीची नजर घ्या.

आता जुपा

मालकाला सांगा, डिझेल मी भरतो, पण तासभर रानात चालवून बघणार. नाही म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. टाकी काठोकाठ भरून घ्या आणि शेवटी परत काठोकाठ भरा. तासाला किती पितो ते तिथंच कळेल.

जाताना रस्त्यावर सगळे गिअर टाकून बघा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडतो का? क्लचसाठी: सपाटीवर, समोर मोकळी जागा ठेवून, ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते तसंच फिरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. हे एकदाच करा. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा मारून बघा, दोन्हींची पकड सारखी हवी.

रानात रोटाव्हेटर किंवा निदान मोगडा लावा, आणि जमीन तुमच्यासारखी निवडा. तुमचं रान भारी असेल तर मुरमाड माळावर चालवून काही कळत नाही. पहिली वीस मिनिटं इंजिन गुरगुरतं का, वेग पडतो का एवढंच ऐका. पुढची चाळीस मिनिटं खरी. तापमानाचा काटा वर चढत जातोय का? क्लच करपल्याचा वास येतो का? पीटीओ बंद केल्यावर रोटाव्हेटर थांबतो की फिरतच राहतो?

तासाभरानं, सगळं तेल तापलेलं असताना, तीन गोष्टी करा. इंजिन अगदी हळू फिरू द्या आणि ऑइलच्या दाबाचा दिवा बघा. लुकलुकायला लागला तर आतली बेरिंगं झिजलीत. लिफ्टनं औत दहा वेळा वर-खाली करा. मग औत वर धरून इंजिन बंद करा आणि खडूनं उंचीची खूण करून चहा घ्या. पंधरा-वीस मिनिटांत औत थोडं खाली येणं समजू शकतो. जमिनीला टेकलं तर लिफ्टचं काम निघालं. औत उचललेलं असताना त्याच्याखाली कुणी वाकू नका. शेवटी गरम इंजिन पुन्हा सेल्फवर चालू करा. काही इंजिनं गार असताना चालू होतात आणि तापली की घेत नाहीत. शेताच्या मधोमध ते परवडत नाही.

मिस्त्री सोबत न्या, पण स्वतःचा. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या, म्हणजे सौदा झाला काय न झाला काय, तो मोकळेपणानं बोलेल.

भाव

आधी त्याच मॉडेलचा नवा ट्रॅक्टर आज रस्त्यावर कितीला पडतो ते शोरूममधून लिहून आणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याच्या टायरवरचा आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. जुन्या किमती मात्र अजून पहिल्या नव्या भावाच्या हिशेबानं सांगितल्या जातात. हे माहीत असलं की बोलताना जोर येतो.

मग तपासणीत निघालेली कामं रुपयांत मांडा: टायर, बॅटरी, क्लच, लिफ्ट. मागितलेल्या किमतीत ती मिळवा. एकूण रक्कम नव्याच्या दोन-तृतीयांशावर जात असेल तर मी जुना घेऊ नका असंच सांगतो. नव्याला वॉरंटी असते, बँकेचं कर्ज कमी व्याजात मिळतं, आणि राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अनुदानाची संधी असते. जुन्याला अनुदान नाही आणि कर्जाचं व्याजही चढं. औतं सोबत असतील तर त्यांची किंमत वेगळी काढा. वेळेचंही आहे. पाडव्यापासून मृगापर्यंत गिऱ्हाईक वाढतं आणि भाव ताठ होतो. पेरण्या उरकल्यावर, श्रावणाच्या सुमारास, विकणारा जास्त ऐकून घेतो.

सौदा झाल्यावर

इसार दिला की पावती घ्या आणि तिच्यावर चासी नंबर लिहून घ्या. पूर्ण रक्कम बँकेतून द्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सहीनं करा, कारण त्या संध्याकाळी अपघात झाला तर जबाबदारी कुणाची हे त्या वेळेवर ठरतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. विमा संपलेला असेल तर किमान थर्ड पार्टी काढल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

घरी आणल्यावर आधीच्या मालकानं काहीही सांगितलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, गिअर-हायड्रोलिकचं तेल तपासा, सगळ्या निप्पलांना ग्रीस मारा. रेडिएटर धुऊन त्यात कूलंट भरा. तेवढं जमत नसेल तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बोअरचं नको. पीटीओच्या शाफ्टवर झाकण नसेल तर पहिल्याच दिवशी बसवून घ्या. फिरत्या शाफ्टमध्ये पदर, ओढणी, धोतराचा सोगा अडकून आपल्या भागात माणसं गेली आहेत. मडगार्डवर लेकराला बसवू नका. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो, बांधावर आणि डोंगरउतारावर एक चाक वर चढलं की तो कलंडायला वेळ लागत नाही, म्हणून उतारावर आडवा चालवू नका.

पहिले पन्नास तास हलक्या कामावर ठेवा आणि रोज संध्याकाळी तो जिथं उभा करता तिथं खाली एक पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचा थेंब कुठं पडलाय ते बघितलं की कोणतं सील आधी बदलायचं ते कळतं.